हातातला उजेड

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैच्या रस्त्याला लागले, की आठ-नऊ किलोमीटरवर तिरुविडैमरुदूर येते. कावेरीकाठचे हे गाव महालिंगस्वामींच्या प्रशस्त शिवमंदिराभोवती वसले आहे. मराठी माणसाने इथे मुद्दाम थांबावे असे एक कारण आहे. तंजावरचे भोसले राजे अमरसिंह यांना १७९८ साली ईस्ट इंडिया कंपनीने गादीवरून उतरवले, दुसऱ्या सरफोजींना तिच्यावर बसवले आणि अमरसिंह या गावी राहायला आले. मंदिरात आजही दीपलक्ष्मीची एक धातूची मूर्ती उभी आहे. तमिळमध्ये अशा मूर्तीला ‘पावै विळक्कु’ म्हणतात. ही मूर्ती देवीची नाही, अम्मणी नावाच्या मराठा राजघराण्यातल्या तरुणीची आहे. राजकुळातल्या प्रतापसिंहाशी लग्न झाले तर देवापुढे लाख दिवे लावीन, असा नवस तिने केला होता. लग्न झाले, नवस फेडला गेला आणि त्या लाख दिव्यांतला एक दिवा म्हणून तिने स्वतःचीच मूर्ती घडवून घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती दोन्ही हातांत पणती धरून उभी आहे.

आज त्याच मंदिराच्या दाराशी येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या हातात एक उजळणारी वस्तू असते. २ डिसेंबर २०२२ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने तमिळनाडूतल्या सगळ्या मंदिरांत मोबाईल फोनला बंदी करण्याचा आदेश दिला. प्रकरण तिरुचेंदूरच्या सुब्रह्मण्यस्वामी मंदिराचे होते, पण आदेश राज्यभर लागू झाला. भाविकांनी फोन बाहेर जमा करावेत, त्यासाठी मंदिरांनी सोय करावी, असे न्यायालयाने सांगितले. कारण मंदिराचे पावित्र्य आणि सुरक्षा हे होते. आरोग्याचा विषय तिथे नव्हता. तरी आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर या आदेशात एक मोठे शहाणपण सापडते, आणि या गावाला ते नवे नाही. इथली आख्यायिका अशी, की वरगुण पांड्य राजाच्या मागे ब्रह्महत्या लागली होती. तो पूर्वेच्या गोपुरातून आत आला तेव्हा तिला आत येता येईना, म्हणून ती दाराशीच थांबली; राजा दुसऱ्या दाराने निघून गेला आणि सुटला. म्हणून आजही भाविक पूर्वेच्या दाराने येतात आणि परतताना ते दार टाळतात. जे मागे लागले आहे ते काही ठिकाणी दाराबाहेर ठेवावे, ही शिकवण या दगडांत जुनीच आहे.

फोन आपल्या मागे लागला आहे, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. प्रश्न असा, की त्याने आपले नेमके काय बिघडते आणि काय बिघडत नाही. या बाबतीत आपली भीती आणि प्रत्यक्ष धोका यांची जागा बरेचदा चुकलेली असते. फोनमधून बाहेर पडणाऱ्या लहरींना आपण घाबरतो. फोन आपल्याकडून झोप, दूरवर पाहण्याची सवय आणि रस्त्यावरचे लक्ष काढून घेतो, त्याला मात्र आपण पुरेसे घाबरत नाही.

लहरींची भीती

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला. भारतातला तो पहिला मोबाईल कॉल. त्यानंतर गावोगावी टॉवर उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर शंकाही उभी राहिली. टॉवरमुळे कर्करोग होतो, चिमण्या मरतात, खिशातल्या फोनने हृदय बिघडते असे घराघरांत बोलले जाऊ लागले. २०१८ साली आलेल्या ‘२.०’ या तमिळ चित्रपटाची तर सारी कथाच फोन आणि पक्षी यांच्या वैरावर उभी होती.

‘रेडिएशन’ या एकाच शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात, आणि भीतीचे मूळ तिथे आहे. क्ष-किरण किंवा गॅमा किरण यांच्या प्रत्येक कणात इतकी ऊर्जा असते, की अणूतला इलेक्ट्रॉन उखडला जातो, पेशीतल्या डीएनएचे दुवे तुटतात. कर्करोगाची सुरुवात अशा तोडफोडीतून होऊ शकते. मोबाईलच्या रेडिओलहरी या जातीच्या नाहीत. दोन गिगाहर्ट्‌झच्या लहरीतल्या एका कणाची ऊर्जा साध्या दृश्य प्रकाशातल्या कणाच्या ऊर्जेपेक्षा दोन-अडीच लाख पटींनी कमी असते. अशा कणांना इलेक्ट्रॉन उखडता येत नाही. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे शरीराचा तो भाग किंचित तापणे.

मग कर्करोगाचा संबंध आला कुठून? २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘२ ब’ या गटात, म्हणजे ‘कर्करोग करण्याची शक्यता असलेले’ या वर्गात टाकले. बातम्यांत ते धोक्याच्या घंटेसारखे वाजले. या गटाचा खरा अर्थ असा, की मर्यादित पुरावा आहे, पण चूक, पूर्वग्रह किंवा योगायोग यांची शक्यता बाजूला सारता येत नाही. त्यानंतर अभ्यास होत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला एक मोठा आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. अनेक देशांतल्या अभ्यासांची त्यात छाननी होती, आणि मोबाईल वापरणे व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही. दहा वर्षांहून जास्त काळ फोन वापरणाऱ्यांतही नाही. जगभर फोन इतके वाढले, पण मेंदूच्या कर्करोगाचे प्रमाण त्या चालीने वाढले नाही, हेही याच्याशी जुळते.

भारताने तरीही सावधगिरीची बाजू धरली आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली गेली. फोनमुळे शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण, म्हणजे ‘सार’, किलोला १.६ वॅटहून अधिक नसावे असाही नियम झाला. फोनवर *#०७# दाबले, की बऱ्याच फोनचा हा आकडा समोर येतो.

इथे एक उलटी वाटणारी गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. टॉवर जवळ असेल तर फोनला हळू बोलले तरी चालते. रेंज कमी असेल तर त्याला ओरडावे लागते, म्हणजे जास्त ताकदीने लहरी सोडाव्या लागतात. डोक्याला टेकवलेल्या फोनचा विचार केला तर दूरचा टॉवर हा जवळच्या टॉवरपेक्षा काही बरा नव्हे. ज्याला तरीही काळजी वाटते त्याने रेंज नसताना लांबलचक बोलू नये, स्पीकर किंवा वायरचा इयरफोन वापरावा. अंतर वाढले की लहरींची तीव्रता झपाट्याने घटते. पेसमेकर बसवलेल्या माणसाने मात्र फोन छातीवरच्या खिशात ठेवू नये. पेसमेकर आणि फोन यांच्यात १५ सेंटिमीटरचे अंतर राखावे आणि चुंबक असलेल्या फोनबाबत तर हे काटेकोरपणे पाळावे.

सरफोजींच्या नोंदी आणि आपले डोळे

अमरसिंहांच्या जागी गादीवर आलेले दुसरे सरफोजी वैद्यकाचे मोठे चाहते होते. त्यांनी धन्वंतरी महाल उभारला आणि तिथे देशी व पाश्चात्त्य औषधोपचार शेजारी शेजारी चालवले. त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. रुग्णाची तक्रार, केलेला उपचार, झालेला फरक आणि सोबत दुखऱ्या डोळ्याचे रंगीत चित्र! दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या कागदांवर मोतीबिंदू आहेत, डोळ्यांचे संसर्ग आहेत. आज तशा नोंदी ठेवायला कोणी बसले, तर मुलांच्या चष्म्याच्या वाढत्या नंबरांनी पानेच्या पाने भरतील.

फोनचा डोळ्यांवर होणारा परिणाम दोन प्रकारचा आहे. पहिला लगेच जाणवतो. एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा आपली पापणी लवते. पडद्यावर नजर खिळली की हे प्रमाण निम्म्याहून खाली येते. पापणी हा डोळ्याचा पोतेरा आहे. तो फिरला नाही तर अश्रूंचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात, लाल होतात, वाचताना अक्षरे पुसट होतात. शिवाय जवळचे पाहताना डोळ्यातला एक लहान स्नायू सतत आवळलेला राहतो आणि त्यातून डोके दुखते. यावर नेत्रतज्ज्ञ सांगतात तो उपाय सोपा आहे. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडे, वीस सेकंद पाहा आणि मुद्दाम पापण्या मिटा. निळा प्रकाश अडवणारे महाग चष्मे मात्र या शिणावर फारसे कामी येत नाहीत, असाच २०२३ सालच्या कॉक्रेन आढाव्याचा सूर आहे.

दुसरा परिणाम हळूहळू होतो आणि तो लहान मुलांवर होतो. वाढत्या वयात डोळ्याचा गोल पुढून मागे जरुरीपेक्षा लांब झाला, की दूरचे अस्पष्ट दिसू लागते आणि उणे नंबर लागतो. सतत जवळचे पाहणे हे याचे एक कारण. ते पुस्तकानेही होते, फोनने जास्त होते, कारण फोन पुस्तकापेक्षा जवळ धरला जातो आणि सुटत नाही. पण त्याहून मोठे कारण घराबाहेर न जाणे हे दिसते. घरातला दिवा काही शे लक्स उजेड देतो. बाहेर, सावलीतसुद्धा, उजेड हजारो लक्सच्या घरात असतो. असा भरपूर उजेड मिळाला की डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचे द्रव्य अधिक स्रवते आणि डोळ्याच्या अवाजवी लांबण्याला ते आळा घालते, असे संशोधक मानतात.

चीनमधल्या ग्वांगझौ शहरातल्या बारा शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटे जास्तीची, मैदानावर घालवायला दिली. तीन वर्षांनी मैदानावर गेलेल्या मुलांत सुमारे ३० टक्क्यांना नवा चष्मा लागला होता, इतर मुलांत सुमारे ४० टक्क्यांना. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ना औषध, ना यंत्र. चाळीस मिनिटांचा उजेड. आपल्या आजी ‘उन्हात खेळून ये’ म्हणत त्याला शाळेच्या मैदानावर मिळालेला हा आधार आहे.

चोरलेली झोप

फोन घेऊन अंथरुणात शिरणे ही आजच्या घराघरांतली सवय आहे. अंधार पडू लागला की मेंदूतल्या एका ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचे संप्रेरक पाझरू लागते. ‘रात्र झाली’ हा शरीराला दिलेला तो निरोप असतो. डोळ्यात शिरणारा निळसर उजेड हा निरोप लांबवतो. बॉस्टनमध्ये बारा निरोगी माणसांवर केलेल्या एका प्रयोगात काही रात्री झोपण्यापूर्वी त्यांना टॅब्लेटवर वाचायला दिले, काही रात्री छापील पुस्तक दिले. टॅब्लेटच्या रात्री मेलाटोनिन सुमारे दीड तास उशिरा पाझरले आणि झोप लागायला जवळजवळ दहा मिनिटे जास्त लागली. दुसऱ्या सकाळची सुस्तीही जास्त होती.

पण खरे बोलायचे तर उजेडाचा वाटा यात लहान आहे. मोठा वाटा पडद्यावर काय चालले आहे त्याचा. पुस्तकाला शेवटचे पान असते, नाटकाला पडदा असतो, कीर्तनाला आरती असते. फोनवर एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो. थांबण्याची जागा त्यात मुद्दाम ठेवलेली नसते, आणि एखादी कटू टिप्पणी वाचली तर मन तासभर तिच्याभोवती घोळत राहते. रात्रीचे असे पाऊण-एक तास रोज गेले, की आठवड्यात एका पूर्ण रात्रीएवढी झोप बुडते. त्यातून चिडचिड येते, अभ्यासात लक्ष लागत नाही, भूक बिघडते, रक्तदाब आणि साखर यांचे गणित चुकते. फोनमुळे झाल्या म्हणून आपण ज्या तक्रारी सांगतो, त्यांतल्या पुष्कळ खरे तर अपुऱ्या झोपेच्या असतात. यावर उपायही एकच: फोनची रात्रीची जागा स्वयंपाकघरात किंवा ओसरीवर ठरवावी आणि उशाशी साधे गजराचे घड्याळ ठेवावे.

मान, अंगठा आणि कान

मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे. मान सरळ असताना ते मणक्यांवर नीट तोललेले असते. न्यूयॉर्कमधले मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकाच्या साहाय्याने हिशेब मांडला, की मान ६० अंशांत वाकली तर मानेवरचा भार सुमारे २७ किलोंपर्यंत जातो. हा गणिताने काढलेला भार आहे, रोगाचा पुरावा नव्हे. पण सात-आठ वर्षांचे मूल मानेवर बसवून आपण तासन्‌तास रील पाहत असतो, असे म्हटले की मान का भरून येते ते कळते. फोन डोळ्यांपर्यंत वर आणावा, मान फोनपर्यंत खाली नेऊ नये.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ सणक मारणारे दुखणे १८९५ साली फ्रिट्झ द केर्व्हँ या स्विस सर्जनने वर्णन केले. ते पूर्वी धुणे पिळणाऱ्या आणि बाळ उचलणाऱ्या बायकांत जास्त दिसे. आता एका अंगठ्याने दिवसभर टाईप करणाऱ्या तरुणांचेही तेच दुखते.

कानाची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ती परत फिरत नाही. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसाळ पेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा हिशेब असा: ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल, त्यावर दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. बसच्या घरघरीवर मात करायला आपण आवाज वाढवतो तेव्हा ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. आवाज साठ टक्क्यांच्या आत ठेवावा, आणि इयरफोन काढल्यावर कानात गुंई असा आवाज राहत असेल तर तो कानाने दिलेला इशारा मानावा.

रस्ता आणि रूळ

आतापर्यंतचे परिणाम महिन्यांत, वर्षांत दिसतात. रस्त्यावरचा परिणाम दिसायला दोन सेकंद पुरतात. कुंभकोणम–मयिलाडुदुरै रस्त्यासारख्या, वस्तीमधून जाणाऱ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी धावत असेल, तर ती सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. आलेला संदेश वाचायला तीन सेकंद खाली पाहिले, की गाडी ५० मीटर आंधळी गेली. तेवढ्या अंतरात शाळेतून सुटलेले पोर सायकल वळवते, म्हैस रस्त्यात येते, समोरची बस थांबते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२१ साली वाहन चालवताना मोबाईल वापरल्यामुळे देशात १,९९७ अपघात झाले आणि त्यांत १,०४० माणसे गेली. हे नोंदलेले आकडे आहेत. अपघातानंतर कोणी स्वतः होऊन ‘फोन पाहत होतो’ असे सांगत नाही, हे ध्यानात घेतले तर प्रत्यक्ष संख्या मोठीच असणार.

‘हात मोकळे ठेवून बोललो तर काय बिघडते?’ असे बरेच जण विचारतात, आणि हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलणारे दुचाकीस्वार तर रोज दिसतात. कॅनडातल्या टोरांटो शहरातल्या अपघातग्रस्त चालकांच्या फोन-नोंदी तपासून १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फोनवर बोलताना अपघाताची जोखीम चौपट होते, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या उपकरणानेही ती विशेष घटत नाही, असे त्यात दिसले. कारण अडथळा हाताचा नसतो, मनाचा असतो. बोलणारा माणूस समोरच्या गोष्टीकडे पाहतो, पण ती त्याला दिसत नाही. शेजारी बसलेला माणूस वळण आले की गप्प होतो. फोनपलीकडच्या माणसाला वळण दिसतच नाही, तो बोलत राहतो.

कायदा यात स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये वाहन चालवताना हातात धरून फोन वापरणे हे धोकादायक चालवणे ठरते. त्यासाठी एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो. फोनचा उपयोग फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष न ढळता, करता येतो. पण दंडापेक्षा घरातली सवय जास्त उपयोगी पडते. माणूस गाडीवर आहे हे ठाऊक असताना त्याला फोन करू नये आणि वाटेत आलेला फोन उचलला नाही म्हणून त्याच्यावर रुसू नये.

रुळांवर हेच घडते. तिरुविडैमरुदूरला रेल्वे आहे, आणि लोहमार्गालगतच्या इतर गावांसारखी इथेही माणसे रूळ ओलांडतात. विजेवर धावणारी गाडी पूर्वीच्या वाफेच्या इंजिनासारखी मैलभर आधी वर्दी देत नाही. कानात इयरफोन असला की जी थोडी वर्दी मिळते तीही जाते. फाटक, रूळ, रस्ता, विहिरीचा काठ, या ठिकाणी कान मोकळे हवेत.

आणि सेल्फी. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात जगभरच्या बातम्यांतून वेचलेल्या सेल्फीमृत्यूंचा अभ्यास भारतीय डॉक्टरांनी केला. त्यांना २५९ मृत्यू सापडले आणि त्यांत सर्वाधिक भारतातले होते. पाण्यात बुडणे हे पहिले कारण, धावत्या गाडीखाली येणे हे त्यामागचे. मुंबईत २०१६ साली पोलिसांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या धोक्याच्या जागा सेल्फीबंदीच्या म्हणून जाहीर केल्या, त्या अशाच दुर्घटनेनंतर. पाठ समुद्राकडे आणि नजर पडद्याकडे असलेल्या माणसाला लाट दिसत नाही. कावेरीच्या घाटावरही, पुराच्या दिवसांत, हे लक्षात ठेवावे.

बॅटरीचा धोका कमी वेळा येतो, पण आला तर भयंकर. लिथियम-आयन बॅटरी थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा साठवते. ती फार तापली किंवा आतले पातळ पापुद्रे फाटले, की तिच्यातली रासायनिक क्रिया स्वतःच स्वतःला तापवत जाते आणि भडका उडतो. म्हणून उशीखाली, गादीवर, उन्हात फोन चार्जिंगला लावू नये. फुगलेली बॅटरी त्याच दिवशी बदलावी. चार्जिंगला लावलेला फोन लहान मुलाच्या हाती देऊ नये.

पैशाची सुरक्षा हाही आता प्रकृतीचाच भाग झाला आहे, कारण फसवले गेलेले वृद्ध मनाने खचतात. पोलीस असल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारे सगळे चोर असतात. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. घाबरून कोणाला ओटीपी देऊ नये. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा अधिक.

वडगावचा भोंगा

हे सगळे वाचून फोन फेकून द्यावा असे कोणाला वाटले, तर ते चूक ठरेल. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने याच प्रदेशातल्या नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर तमिळनाडूतला सगळ्यात मोठा घाव घातला, तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसांना सावध करणारे काही नव्हते. आज चक्रीवादळाचा इशारा फोनवर येतो; २०२३ साली देशभरच्या फोनवर मोठ्या आवाजात आलेले आपत्तीसूचनेचे चाचणी-संदेश आपल्याला आठवत असतील. १०८ ची रुग्णवाहिका आणि ११२ ची मदत फोननेच येते. मन खचले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कोणी तरी ऐकणारे असते. परगावी राहणाऱ्या लेकीचा चेहरा रोज दिसणे हेही आईच्या प्रकृतीला औषधच आहे.

तेव्हा प्रश्न फोन ठेवावा की टाकावा असा नाही. तो कुठे आणि केव्हा बाहेर ठेवावा असा आहे. याचे उत्तर महाराष्ट्रातल्या एका गावाने फार सुंदर दिले. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव. टाळेबंदीत शाळा फोनवर आली, मुलांच्या हाती फोन गेले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरवले, की संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि फोन बंद राहतील. सुरुवातीला काहींनी हसण्यावारी नेले. गावातल्या बायकांनी ते उचलून धरले. शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि आशा ताई घरोघर जाऊन समजावू लागल्या. त्या दीड तासात मुले अभ्यास करू लागली, माणसे एकमेकांशी बोलू लागली.

या भोंग्यात जे शहाणपण आहे ते निरखून पाहण्यासारखे आहे. एकट्या मुलाला ‘फोन ठेव’ म्हटले की त्याला शिक्षा वाटते, कारण बाप शेजारी फोनवरच असतो. सगळे गाव एकाच वेळी ठेवते तेव्हा ती शिक्षा राहत नाही, रीत होते. संयम एकट्याच्या बळावर टिकवणे फार कठीण. ठरलेल्या वेळेच्या आणि ठरलेल्या जागेच्या आधाराने तो सोपा होतो. मंदिराचे दार ही अशी जागा आहे, सातचा भोंगा ही अशी वेळ आहे. प्रत्येक घराला आपला एक भोंगा ठरवता येईल: जेवणाचे ताट वाढले की फोन नाही, अंथरूण घातले की फोन नाही, गाडीची किल्ली हातात घेतली की फोन नाही.

लहान मुलांसाठी तर हे उंबरे अधिक कडक हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला दोन वर्षांपर्यंत पडदा नको आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एका तासाहून जास्त नको, असा आहे. त्यामागे सरळ कारण आहे. बोलणे शिकायला मुलाला त्याच्या हुंकाराला उत्तर देणारे माणूस लागते. पडदा बोलतो, पण ऐकत नाही. घास भरवताना दाखवलेला व्हिडिओ घास गिळवतो. त्या वेळी चिऊकाऊची गोष्ट मात्र बुडते, आणि तिच्याबरोबर शब्द बुडतात.

तिरुविडैमरुदूरच्या मंदिरात पुन्हा एकदा अम्मणीसमोर उभे राहू. तिच्या हातात उजेड आहे, पण ती त्या उजेडाकडे पाहत नाही. तिची नजर पुढे, देवाकडे आहे. ज्योत समोरचे दिसावे म्हणून धरलेली आहे. आपल्या हातातल्या उजेडाचेही काम तेवढेच. वाट दाखवणे, निरोप पोचवणे, अडीअडचणीला हाक मारणे. ते काम झाले, की नजर वर उचलायची: समोरच्या रस्त्याकडे, अंगणातल्या उन्हाकडे, जेवायला बसलेल्या आपल्या माणसांच्या चेहऱ्यांकडे.